एकच फुटाणा

आमच्या कॉलनीत बायकांवर हिंसाचार होत नाही. हे मी म्हणत नाही, फाटकावर तशी पाटी आहे. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं : 'हिंसाचारमुक्त, सुसंस्कृत कॉलनी'. त्याखाली महिला समितीच्या अध्यक्षबाईंचं नाव, सचिव म्हणून माझं नाव, आणि आम्हा दोघींपेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरांत पाटी करून देणाऱ्या नगरसेवकाचं. मजकूर मीच तपासून दिला होता. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली बाई मी. माझ्या हाताखालून ऱ्हस्व-दीर्घाची चूक जात नाही. बाकीच्या चुका जातात.

मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन अमरावतीला आले त्याला चाळीस वर्षं होत आली, तरी इथल्या बायका मला अजून 'अकोलेवाली'च म्हणतात, म्हणजे तोंडाची फाटकी. अकोल्याला आमच्या गल्लीत कोणाच्या घरी भांडण झालं की भाजीत मीठ किती जास्त पडलं होतं इथपर्यंत सगळ्यांना कळायचं. बडनेरा रोडवरच्या या कॉलनीत तसं नाही. इथे प्रत्येक घराला कंपाउंड आहे, सरकत्या काचांच्या खिडक्या आहेत आणि माणसं सभ्य आहेत. दुसऱ्याच्या घरात डोकावणं बरं दिसत नाही. काहीही सुचवा, कॉलनीचं पहिलं उत्तर हेच असतं, की ते बरं दिसत नाही.

समिती झाली ती पोलीस ठाण्याच्या पत्रामुळे. प्रत्येक कॉलनीने महिलांच्या सुरक्षेसाठी समिती करावी असं त्यात होतं. आम्ही सात जणी जमलो. अध्यक्षपद डॉक्टरांच्या बायकोकडे गेलं, कारण त्यांच्या हॉलमध्ये एसी आहे. पहिल्या दोन बैठका बॅनरवर काय लिहायचं यात गेल्या. 'हिंसाचार' हा शब्द फोटोत चांगला दिसत नाही, असं अध्यक्षबाईंचं मत पडलं. त्याऐवजी 'कौटुंबिक सौहार्द' लिहिलं. सौहार्द म्हणजे काय हे चार जणींनी मला नंतर फोन करून विचारलं.

मग तक्रारपेटी आली. ती समाजमंदिराच्या भिंतीवर ठोकली, जिथे निवृत्त पुरुषमंडळी दिवसभर कॅरम खेळत बसतात. म्हणजे एखाद्या बाईला नवऱ्याची तक्रार टाकायची असेल तर आधी त्याच्या दोस्तांना नमस्कार करावा लागणार. पेटीची किल्ली हरवू नये म्हणून अध्यक्षबाईंच्या यजमानांकडे ठेवली. तीन महिन्यांनी पेटी उघडली. आत नळाचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्याविरुद्ध दोन अर्ज, डुकरांबद्दल एक, आणि एक लग्नपत्रिका निघाली. लग्नाला आम्ही सगळ्या जणी जाऊन आलो.

पण माझी खरी कर्तबगारी म्हणजे फॉर्म. घरोघरी सर्वेक्षण करायचं ठरलं तेव्हा फॉर्म मी तयार केला. प्रश्न पाचच, पण एकेक असा की ऑडिटवाल्याने पाया पडावं. 'आपल्या घरात शारीरिक अथवा मानसिक छळाचा प्रकार घडतो काय? होय/नाही.' पाचवा प्रश्न तर मला रात्रभर विचार करून सुचला होता : 'असा प्रकार शेजारी घडत असल्याचे आपल्या निदर्शनास आले आहे काय? होय/नाही.' सगळ्यात खाली, नोकरीतल्या सवयीप्रमाणे, 'कुटुंबप्रमुखाची सही'. सगळे फॉर्म परत आले, सह्यांसकट. सगळ्यांवर 'नाही'. त्या भरवशावर आम्ही पाटी लावली.

माझ्याही घराचा फॉर्म होता. हे गेल्यापासून कुटुंबप्रमुख मीच. पाचव्या प्रश्नापुढे मी 'नाही'वर खूण केली आणि झोकात सही ठोकली.

माझी आणि शेजारच्या घराची भिंत एकच आहे. शेजारी सर राहतात. स्पर्धा परीक्षांचे क्लास घेतात, मुलगा शिकायला बाहेरगावी आहे, घरात नवरा-बायको दोघंच. सरांचा आवाज फार गोड. कॉलनीतला कोणताही कार्यक्रम त्यांच्या सूत्रसंचालनाशिवाय होत नाही. आठ मार्चला त्यांनी आईवर असं बोलून दाखवलं की अर्ध्या जणींचे पदर डोळ्यांना लागले. माझाही लागला, खोटं कशाला बोलू? त्याच आठवड्यात संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना भिंतीपलीकडून भांडं आपटल्याचा आवाज आला, आणि मग भांड्याचा नसलेला. मी बाहेरच्या खोलीत येऊन बातम्या लावल्या आणि आवाज मोठा केला. बातम्यांत चार जण एकमेकांवर ओरडत होते, त्यामुळे पलीकडचं काही ऐकू आलं नाही. पुढे पुढे मला तशी सवयच लागली. पलीकडे सुरू झालं की माझा टीव्ही मोठा.

सरांची बायको आधी दिसायची. माझ्याकडे लिंबाचं लोणचं शिकायला आली होती एकदा. नंतर ती मे महिन्यातही लांब बाह्यांचा कुडता घालून कपडे वाळत टाकताना दिसली. अमरावतीच्या मे महिन्यात माणूस कातडीसुद्धा काढून ठेवायला बघतो. मग तशीही दिसेनाशी झाली. मी दोनदा तिच्या दाराची बेल वाजवली. दोन्ही वेळा दार सरांनीच उघडलं. "काकू, या ना! तिची तब्येत जरा नरम आहे, झोपली आहे," असं म्हणताना ते दाराच्या मधोमध उभे. या म्हणायचं आणि वाट अडवायची, ही कला मी सरकारी नोकरीत पाहिली होती, तरी मी परत फिरले. पुढे सर्वेक्षणात आलेला सरांचा फॉर्म सुवाच्य अक्षरात होता. पाचही 'नाही', आणि शेरा : 'उपक्रम स्तुत्य आहे.'

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली आणि मागच्या वस्तीतली आशाताई घरोघर कूलर तपासू लागली. ही आरोग्य खात्याची आशा सेविका. सावळी, काटक, चाळिशीची. हातात टॉर्च आणि कापडी पिशवीत रजिस्टर. उन्हाळा संपला तरी आमच्याकडे कूलर खिडकीतून निघत नाहीत. पाणी साचतं, अळ्या होतात. आशाताई थेट घरात शिरते, कूलरची टाकी उघडते, अळ्या दिसल्या की पाणी ओतून देते आणि घरमालकाला चार शब्द सुनावते. तिला कोणी "तब्येत नरम आहे" म्हणत नाही, कारण ती बायकांची नाही, डासांची चौकशी करते.

माझा कूलर तपासून झाल्यावर ती म्हणाली, "काकू, बाजूच्या मॅडमले पाह्यलं काय तुमी?"

"नाही गं. आजारी असते म्हणतात."

"कूलर पाहाले आत गेली होती मी. इकडचा गाल असा सुजला." तिने टॉर्च गालावर ठेवून दाखवला. "दात दुखते म्हने. मी म्हटलं, दात दुखला तं गालावर बोटं उमटतेत काय?"

मी तिला समितीचं सांगितलं. पाटीचं, पेटीचं, आणि मोठ्या अभिमानाने फॉर्मचं. फॉर्मची एक प्रत काढूनही दाखवली. तिने ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"कुटुंबप्रमुख म्हंजे कोन?"

"घरातला कर्ता."

"म्हंजे मारनाराच नं! मारनाऱ्यालेच विचारून राहिल्या तुमी, का बाप्पा, तू मारतं काय? अन् वरून त्याची सही घेता?" ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "कोनी शिकवलं तुमाले हे?"

कोणी शिकवलं नव्हतं, ते माझं स्वतःचं होतं. मला राग आला. खरं असलं की मला राग येतोच. मी तिला जरा टोचूनच विचारलं, "मग तुमच्या वस्तीत काय करता तुम्ही? तुमच्याकडे काय कमी मारतात?"

"मारतेत नं. काहून नाई मारत?" ती खुर्चीवर टेकली. "पन आमी जातो. आवाज आला का चार-पाच जनी सूप घेऊन त्याच्या दारात जाऊन बसतो. गहू निवडतो, तूर निवडतो, ज्याच्याकडे जे असन ते. बोलाचं काईच नाई. भांडाचं नाई. निसतं बसून राहाचं. तो म्हनते, काहून आल्या? आमी म्हनतो, उजेड चांगला आहे तुमच्याकडे."

"मग?"

"मंग काय, पाच बायकांसमोर हात उचलाले लय मोठा मरद लागते. तो बाहीर निंगून जाते. बाई म्हनन तं बसतो, बाई म्हनन तं उठतो, तिले ठान्यात याचं असन तं संगं जातो. तिच्या मनावर."

पुढच्या बैठकीत मी हे मांडलं. सरांचं नाव न घेता म्हणाले, की गरज पडली तर आपण एखाद्या दारात जाऊन बसू. एसी असूनही हॉलमध्ये सगळ्यांना उकडायला लागलं. सूप घेऊन रस्त्यावर बसायचं? आपण? "ते वस्तीत ठीक आहे हो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आपल्याकडे तसं काही नाही, पाटी लावली ना आपण!" एकीने विचारलं, सूप कुठे मिळतं. तिच्याकडे सगळं पॅकिंगचं येतं, त्यामुळे प्रश्न रास्त होता. शेवटी ठराव झाला की योग्य वेळी योग्य तो विचार करावा. तो ठराव इतिवृत्तात मीच लिहिला.

घरी येताना मला अकोल्याची भुलाबाई आठवली. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी रोज संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरायचो. गाणी काय, तर सासूने कसं छळलं, नवरा कसा रुसला, माहेरी कसं जाऊ दिलं नाही. सात-आठ वर्षांच्या पोरी टिपऱ्या वाजवत सासरच्या जाचाचा पाढा आनंदाने म्हणायच्या आणि ज्यांच्या घरात तो जाच चालायचा तेच खाऊ वाटायचे. कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खाऊ बंद डब्यात असायचा. घरची बाई डबा कानाशी खुळखुळवायची आणि आतलं काय ते ओळखल्याशिवाय, नाहीतर हरलो म्हटल्याशिवाय, झाकण उघडायचं नाही. मला आठवलं ते हे, की भुलाबाई आली म्हणजे तिला आत घ्यावंच लागायचं. आजपर्यंत भुलाबाईला कोणी "तब्येत नरम आहे" म्हटलेलं नाही.

'लोप पावत चाललेल्या वऱ्हाडी संस्कृतीचं जतन' म्हटल्याबरोबर समिती खडबडून जागी झाली. साड्यांचा रंग ठरला. फोटोग्राफर ठरला. आणि सर, त्यांना कळताच, स्वतःहून म्हणाले, "काकू, आमच्या घरी नक्की या. सुरुवात आमच्यापासूनच करा." मी आशाताईला तेवढं सांगितलं. दोन दिवसांनी ती सरांचा कूलर पुन्हा तपासून आली.

"सांगतलं तिले," ती म्हणाली. "म्हटलं, बाया घरात येनार हायेत. तुमी म्हटलं तं बसतीन, नाई म्हटलं तं गानं म्हनून चालल्या जातीन."

"काय म्हणाली ती?"

"आधी निसती आयकत होती. मंग म्हने, डबा कोन हालवते, मीच नं?"

ठरलेल्या दिवशी पाचच्या सुमारास आम्ही सात जणी सरांच्या फाटकात उभ्या राहिलो. पुढे अध्यक्षबाई, हातात भुलाबाईची मूर्ती, मागे फोटोग्राफर. आशाताईही आली. अध्यक्षबाईंनी माझ्या कानात विचारलं, "ही कशाला?" मी काही बोलायच्या आत आशाताईच म्हणाली, "कूलर पाहाचा राहिला यांचा." आणि सगळ्यांच्या आधी आत गेली.

सरांनी अगदी मंगल कार्यालयासारखं स्वागत केलं. पाट मांडला होता, रांगोळी होती. आम्ही गोल धरून गाणी म्हटली. निम्म्या जणींना गाणी येत नव्हती, त्या मोबाइलमध्ये बघून म्हणत होत्या. सर टाळ्यांनी ठेका धरत होते. मग आतून त्यांची बायको आली. वाळली होती. हातात पितळी कडीचा स्टीलचा डबा. तिने आमच्यापैकी कोणाकडे पाहिलं नाही, डबा कानाशी नेला आणि हलवला.

टण्‌ असा एकच आवाज आला. पुन्हा हलवला. पुन्हा टण्‌.

"शेंगदाणा!" एकीने ओरडून सांगितलं. तिने मान हलवली, नाही.

"खडीसाखर!" नाही. "सुपारी!" नाही. "खारीक!" नाही.

"अहो, आत एकच फुटाणा आहे!" अध्यक्षबाई हसून म्हणाल्या. "सर, फारच कंजूष बुवा तुम्ही! एवढा क्लास चालतो आणि एकच फुटाणा?" सगळ्या जणी हसल्या. सरही हसले, मोकळेपणाने, हात जोडून. मीही हसले.

पुढची घरं राहिली होती. अध्यक्षबाई म्हणाल्या, "चला, हरलो आम्ही. उघडा."

तिने झाकण काढलं आणि डबा अध्यक्षबाईंच्या पुढे धरला. अध्यक्षबाईंनी वाकून पाहिलं. फोटोग्राफरने फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे आहे, त्यात अध्यक्षबाई अजून हसतच आहेत.

"हे काय, दात?" त्या म्हणाल्या. "लहान मुलाचा दात कशाला ठेवला हो डब्यात?"

"लहानाचा नाई," ती म्हणाली. "माझा व्हय."

तिने ओठ जरा वर केला. डाव्या बाजूला, हसताना दिसतो तिथला, नव्हता.

अध्यक्षबाई एरवी पुण्याचं मराठी बोलतात. "अवं माय!" एवढंच त्यांच्या तोंडातून निघालं. फोटोग्राफर बाहेर जाऊन उभा राहिला. सर म्हणाले, "न्हाणीत पाय घसरला होता. तिचं डोकं हल्ली जरा... सणाच्या दिवशी काय हा प्रकार!" आवाज तोच, आईवर बोलतानाचा. आणि मी सांगते, एवढं डोळ्यांनी पाहूनसुद्धा आमच्यातल्या दोघी-तिघींच्या माना हो म्हणून हलल्या. एकीने घड्याळ पाहिलं. पुढच्या घरी वाट पाहत असतील, असं कोणीतरी पुटपुटलं. बायका दाराकडे वळायला लागल्या.

आशाताईने सरांच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो म्हणून. तशी आशाताई टॉर्च पिशवीत ठेवून तिथेच फरशीवर मांडी घालून बसली.

माझे गुडघे जमिनीवर बसायचे राहिलेले नाहीत. सोफ्याला धरून मी कशीबशी टेकले आणि एकदाची बसले. माझ्यानंतर ती, जिच्या घरात सूप नव्हतं. मग आणखी दोघी. सर म्हणाले, "काकू, हे काय? खाली का? चहा टाकायला सांगू का?" त्यांनी दोन-तीनदा वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारलं. मग त्यांचा आवाज बदलला, आणि भिंतीपलीकडून येणारा आवाज मी पहिल्यांदाच समोरून ऐकला. अध्यक्षबाई दाराशी उभ्या होत्या. तो आवाज ऐकून त्या आत आल्या, भुलाबाईला पाटावर ठेवलं आणि नवी पैठणी चुरगळत माझ्या शेजारी बसल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या एसीला नावं ठेवत नाही.

सर पाय आपटत निघून गेले. बाहेर स्कूटर सुरू झाल्याचं ऐकू आलं. त्यांची बायको आत गेली आणि कागदांची फाइल, दोन कपडे आणि डबा घेऊन आली. पायात चपला घातल्या. "काकू, तुमच्याकडे येऊ?" तिने विचारलं. एका भिंतीपलीकडे यायला तिला आठ जणी लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाण्यात गेली. आम्ही सोबत होतो, डबाही होता. पुढचं जे आहे ते अजून चालू आहे. ती सध्या अकोल्याला बहिणीकडे राहते, तारखेला येते. पाटीचं म्हणाल तर ती आहे तिथेच आहे. काढण्याचा विषय मी मांडला, पण नगरसेवकाला वाईट वाटेल असं ठरलं. पुढच्या आठ मार्चला सूत्रसंचालन कोण करणार, हाही प्रश्न समितीपुढे गंभीर आहे. मात्र कॉलनीत आता सात सुपं आहेत, आणि तक्रारपेटीची किल्ली आशाताईकडे आहे.

त्या भुलाबाईच्या संध्याकाळी सरांची बायको माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. मी चहा केला. ती तोंडाच्या एका बाजूने हळूहळू पीत होती आणि भिंतीकडे पाहत होती. इकडून ती भिंत तिने पहिल्यांदाच पाहिली असावी. मग ती म्हणाली, रागाने नाही, लोणच्याची कृती सांगावी तितक्या साधेपणाने :

"काकू, तुमचा टीव्ही मोठा झाला का मले समजे, तुमाले आयकू येऊन राहिलं म्हून. थोडं बरं वाटे. वाटे, आता येतीन काकू."

फॉर्मवरचा पाचवा प्रश्न माझाच होता, आणि त्यापुढची 'नाही'वरची खूणही.